नारळ मला, फेटा तुम्हांला

चाचा, परवा आपली सायकल नेसरीला पोचली. आधी हे सांगते, बाकीचं मागाहून. चेन एकदाच पडली, पंक्चर एकही झालं नाही, आणि मागच्या सीटवर तुमच्यापेक्षा हलकं माणूस असल्यामुळे गारगोटीच्या पुढचा चढ मी या वेळी खाली न उतरता चढले. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "म्हंजे इतकी वर्षं माझा भार हुता व्हय?" होता, चाचा. चांगला पोत्याएवढा होता.

तुमचा चाळिसावा दिवस व्हायच्या आत सायकल काढावी की नाही, हे मला कळत नव्हतं. चाचींना विचारायला गेले तेव्हा त्या कांदा चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांनी हेल्मेट पुसून खुंटीला लावलंय. ते घिऊन जा, येता-जाता डोक्याला लागतंय." मी हेल्मेट घेऊन आले. त्यांनी परवानगी दिली ती अशी.

ही सगळी टूम तुमचीच. कॉलेजात शिकणाऱ्या अंध-अपंग मुलामुलींच्या वसतिगृहासाठी दर हिवाळ्यात कोल्हापूर ते नेसरी सायकली काढायच्या. सायकली दोघांच्या. पुढे डोळस माणूस, मागे ज्याला दिसत नाही तो. गावोगाव थांबायचं, वसतिगृहाबद्दल चार शब्द बोलायचे, लोक देतील ते घ्यायचं: कुणी ज्वारीचं पोतं, कुणी चादरी, कुणी वर्गणी. रात्री गारगोटीला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी आमचं गाव. पहिल्या बैठकीत कुणी तरी म्हणालं, डोळस लोकांनीच सायकली चालवाव्यात, मुलांनी निरोपाला यावं. तुम्ही म्हणालात, "व्हय, आणि जेवण बी तुम्हीच जेवा. आम्ही ढेकर दितो." त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही.

मी पुढे बसायचे आणि तुम्ही मागे. वाटेत काय दिसतंय ते मी सांगायचं, असं ठरलं होतं. पण तुम्ही मला बोलू दिलंत तर ना. "आलं बघ गुऱ्हाळ, वास आला," असं तुम्ही छातीठोकपणे सांगायचात आणि ते रस्त्याचं डांबर निघायचं. "मुदाळतिट्टा आला," म्हणायचात, तेव्हा तो अजून दोन गावं लांब असायचा. लोकांना वाटतं, डोळे गेलेल्या माणसाचं नाक-कान फार तीक्ष्ण असतं. तुमचं नव्हतं. तीक्ष्ण होती ती जीभ.

ती जीभ मला पहिल्यांदा भेटली तुमच्या एसटीडी बूथमध्ये. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेलं मी पहिलंच माणूस. कोल्हापुरात येऊन आठवडा झाला होता. गावातल्या दूध डेअरीत फोन लावला, बाबांना बोलवायला कुणी तरी पळालं, आणि बाबा येईपर्यंत मी रिसीव्हर धरून रडत बसले. काउंटरवरून तुमचा आवाज आला, "पावणं, रडायचं बी मीटर पडतंय." मी रडता रडता हसले. फोन झाल्यावर तुम्ही विचारलंत, "पेपर वाचाय येतंय का मोठ्यानं? मग रोज सकाळी येत जा. मला वाचून दाखव." मी दुसऱ्या दिवशी आले आणि शाळेत धडा वाचतात तसा अग्रलेख वाचला. तुम्ही मध्येच थांबवलंत. "हे काय, देवाची आरती करत्यास? भांडून वाच. त्यो लिवणारा बरोबर बोलतोय का चूक, ते तुझ्या आवाजात कळाय पायजे."

त्याआधी मला कुणी, तुझं मत काय, असं विचारलंच नव्हतं. घरी नाही, शाळेतही नाही. तीन वर्षं मी त्या स्टुलावर बसून पेपराशी आणि तुमच्याशी भांडले. पुढे नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या साहेबांनी काही तरी विचारलं आणि मी म्हणाले, "हे मला पटत नाही." पण नोकरी लागली. बूथ गेला, तिथे तुमचंच झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आलं, मी लग्न होऊन याच शहरात राहिले. रविवारचा पेपर मात्र आपला ठरलेला. तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाहीत. "काय गं नेसरी, आज कुणाशी भांडायचं?" हाच तुमचा नमस्कार.

आता गेल्या वर्षीचं ते गाव. नाव लिहीत नाही, तुम्हांला माहीत आहे. आपल्या सायकली तिथे पहिल्यांदाच थांबत होत्या.

मुदाळतिट्ट्याच्या पुढे आपली चेन पडली. बाकीच्या सायकली त्या गावात थांबून, चहा घेऊन पुढे गेल्या होत्या. आपण शेवटचे आणि चालत निघालेले. मी सायकल हातात धरून पुढे. उसाच्या ट्रॉल्यांनी सकाळपासून डोळ्यांत धूळ घातली होती, म्हणून मी काळा गॉगल लावला होता. तुम्ही मागे, माझ्या खांद्यावर हात ठेवून, मान ताठ, इस्त्रीच्या शर्टात. एका सायकलीवर एक डोळस आणि एक अंध, हे गावाला ठाऊक होतं. त्यांनी आपल्याकडे बघितलं आणि ठरवून टाकलं.

दोन बायका धावत आल्या. एकीनं माझा दंड धरला. "पायरी हाय गं बाळा, पायरी." दुसरीनं वाकून माझा पाय उचलून पायरीवर ठेवला. मी म्हणाले, "अहो मावशी, मला दिसतंय."

"असू दे गं, असू दे," ती म्हातारी म्हणाली. तिचं नाव हौसाक्का. "लय धीराची हाय पोर."

मी आणखी दोनदा सांगितलं. जितक्यांदा सांगितलं तितक्यांदा त्यांचे डोळे भरून आले.

तिकडे तुम्हांला सरपंचांनी हाताला धरून खुर्चीवर बसवलं. मानाच्या पाहुण्याला आपल्याकडे हाताला धरूनच बसवतात, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. त्या वाटेवरच्या प्रत्येक गावाची रीत एकच होती: पुढे बसणाऱ्याला फेटा आणि माइक, मागे बसणाऱ्याला नारळ आणि टॉवेल. इथेही तेच झालं. फक्त नारळ-टॉवेल माझ्या ओटीत आले आणि तुमच्या डोक्यावर कोल्हापुरी फेटा चढला, तुरा काढलेला. हौसाक्कानं माझ्या गालांवरून हात फिरवला आणि बोटं मोडली. "एवढ्या चांगल्या पोरीला देवानं असं कसं केलं?"

मला वाटलं, आता तुम्ही सांगाल. तुम्ही उठलात, माइक चाचपून घेतलात आणि घसा खाकरलात.

"ही आमची पोरगी," तुम्ही म्हणालात. "हिला काय सुदिक दिसत न्हाय. पर सायकल हीच चालवती. मी नुसता मागं बसून डावं-उजवं सांगतो."

मग अशा टाळ्या पडल्या की पत्र्यावरची कबुतरं उडाली. गावातल्या पोरांनी चेन बसवून दिली आणि निघताना तर कहर झाला. एक जण मोटरसायकल घेऊन पुढे निघाला, हॉर्न दाबूनच. "सरका, सरका. म्हशी बाजूला घ्या रं, आंधळी पोरगी चालवत्या." रस्त्यात लावलेल्या गाड्या माणसांनी उचलून कडेला ठेवल्या. बाया पोरांना कडेवर घेऊन दारात चढल्या. एवढा मोकळा रस्ता मला आयुष्यात कधी मिळाला नाही. आणि मागे तुम्ही, हेल्मेट कोपरात अडकवून, फेटा सांभाळत, दोन्ही बाजूंना हात हलवत होतात.

वेशीच्या बाहेर मी सायकल थांबवली.

"चाचा, हे काय केलंत?"

"मी काय केलं? त्यांनी फेटा बांधला, मी बांधून घेतला."

"ती म्हातारी माझ्यासाठी रडली. मला नारळ दिला तिनं."

"मग? एक नारळ मिळाला तर एवढी तणतण? मला जल्मभर मिळाल्यात. खोबऱ्यानं तेलकट झालोय मी."

"आपण मागं जाऊन खरं सांगू."

"जा की तू. मी फेटा उतरणार न्हाय."

"हेल्मेट तरी घाला."

"डोकं फेट्यात शाबूत हाय. चल."

गारगोटी येईपर्यंत आपण भांडलो, आणि मग वर्षभर दर रविवारी पेपर संपल्यावर भांडलो. मी म्हणायचे, ते खोटं होतं. तुम्ही म्हणायचात, कुणाचं काय बिघडलं? उलट त्या गावानं वसतिगृहाला सगळ्यांत जास्त धान्य दिलं. तरी माझा मुद्दा मी सोडला नाही. भांडून वाचायला तुम्हीच शिकवलं होतं.

आणि मग यंदा दिवाळीनंतर पूजा आली.

हौसाक्काची नात. आई-बाप इचलकरंजीत मागावर, दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या. पोरीची नजर शाळेतच गेली, तेव्हापासून ती आजीजवळ. बारावी झाली आणि घरात बसली. बसली ती बसलीच. पण हौसाक्कानं एक आंधळी पोरगी सायकल चालवत गावातून जाताना बघितली होती. तिनं इचलकरंजीला फोन करून लेकाला आणि सुनेला झाडलं, नातीला स्वतः एसटीत घातलं आणि वसतिगृहात आणून सोडलं.

पूजा दुसऱ्याच दिवशी तुमच्या दुकानात आली. मागाच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळे तिचं साधं बोलणंही ओरडल्यासारखं. "चाचा, ती पुढं बसून चालवणारी ताई कुठं भेटंल? मला बी शिकायचंय."

तुम्ही तिला सांगितलंत, ती नोकरीला असते, येईल. वसतिगृहातल्या सगळ्या पोरांना दम दिलात, मी सांगेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. आणि मला फोन केलात. तुमचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"नेसरी, घोटाळा झालाय."

गंमत बघा, त्या दिवसापासून आपण बाजू बदलल्या. वर्षभर खरं सांगू या म्हणणारी मी घाबरले. त्या एका गोष्टीच्या जिवावर पोरगी घराबाहेर पडली होती. ती गोष्टच काढून घेतली तर ती परत जाईल, आजी नेईल, आई-बाप म्हणतील, बघा, तरी आम्ही सांगत होतो. मी म्हणाले, थोडं थांबू या, जरा रुळू दे तिला. तुम्ही ऐकेनात. "तिला पुढं बसायचंय गं. उद्या कुणाची तरी सायकल घिऊन रस्त्यावर आली म्हंजे? मी फेटा घातला, मीच निस्तारतो." शेवटी ठरलं, पुढच्या रविवारी दोघांनी मिळून सांगायचं. आधी पेपर वाचायचा, मग सांगायचं.

तो रविवार यायच्या आधी तुम्ही गेलात. दुपारी दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या. शेजारचा म्हणाला, गिऱ्हाईकाला सुट्टे देऊन चाचा टेकले ते टेकलेच. तुमच्या मातीला सगळं वसतिगृह आलं होतं, एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून. पूजाही होती त्यात. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते आणि तिच्याशी बोलले नाही.

आठवड्यानं वसतिगृहाच्या पायरीवर मी तिला गाठलं. तुम्ही असता तर सगळं हसण्यावारी नेलं असतंत. मला ते जमत नाही. मी सरळच सांगितलं, "पूजा, ती सायकल चालवणारी ताई मीच. आणि मला दिसतं."

"चष्म्यानं?"

"बिनचष्म्यानं."

"म्हंजे धडधाकट?"

"हो."

"मग पुढं बसून चालवली त्यात काय मोठं?"

मी पायरीवर तिच्या शेजारी बसले. मग ती तिच्या मानानं हळू बोलली, म्हणजे फाटकापर्यंतच ऐकू गेलं. "आजीनं गावभर सांगितलंय. आई-बाबांनी त्याच्यावरच मला सोडलंय."

"माहीत आहे. तू परत जाणार का?"

"परत कशाला? मला आता मेसची आमटी बी आवडाय लागलीया." मग कपाळाला आठ्या घालून तिनं विचारलं, "आणि मागं बसलेलं ते साहेब कोण? आजी म्हणती, लय रुबाबदार हुते. अशी छाती काढून बसलेले."

"ते चाचा."

"आपले चाचा? साहेब?" ती एवढ्या मोठ्यानं हसली की वरच्या मजल्यावरच्या पोरी खिडकीत आल्या. हसता हसता ती मध्येच थांबली, ओढणीनं नाक पुसलं आणि पुन्हा हसली. मीही. तुम्ही गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तिथे, चाचा.

"मग त्यांच्या जागी मी बसणार," ती म्हणाली. "आणि आजीला मी सांगणार. तुम्ही मधी बोलायचं न्हाय."

परवाच्या आदल्या दिवशी आम्ही त्या गावात शिरलो. सायकलीवर बसून, गॉगल न लावता. तरी गाव तयारच होतं. मोटरसायकलवाला वेशीवर उभा, अंगठा हॉर्नवर. हौसाक्का पायरीवर उभी होती. आधी तिनं नातीला कुरवाळलं आणि मग माझा दंड धरला. "पायरी हाय गं बाळा."

पूजानं माइक मागून घेतला. तिला माइकची गरज नव्हती. "आज्जे, ह्या ताईचा हात सोड. हिला दिसतंय. पैल्यापासनं दिसतंय. ज्यांना दिसत न्हवतं ते मागचं साहेब हुते."

सरपंच फेट्याच्या कापडाकडे बघत राहिले. हौसाक्कानं माझा हात सोडला नाही.

"आणि तू?" तिनं नातीला विचारलं.

"मला कुठं दिसतंय? मी मागंच बसून आले."

"कुठनं?"

"कोल्हापूरपासनं."

"सगळी वाट पाय मारलेस?"

"मारले की. ताईला इचार."

मी मान हलवली. मग आठवण झाली म्हणून तोंडानंही म्हणाले, "हो, आजी. मारले."

मग हौसाक्कानं विचारलं, "त्यो साहेब न्हाय आला?"

मी सांगितलं, तुम्ही गेलात म्हणून. ती चक्क सरपंचांवर उखडली. "आंधळा त्यो हुता, तर त्येला नारळ कसा दिला न्हाय कुणी?"

"आक्का, त्येला फेटा बांधला हुता की," सरपंच म्हणाले.

म्हातारीनं क्षणभर विचार केला. "मग बरं झालं," ती म्हणाली. "आंधळ्याला फेटा येरवी कोण बांधतंय?"

चाचा, तुमच्या दुकानातल्या कपाटावर तो फेटा अजून तसाच आहे, बांधलेल्या आकारात, तुऱ्यासकट. वर प्लास्टिकची पिशवी. चाची सांगतात, कपाट हलवायचं म्हटलं तरी तुम्ही ओरडायचात, फेट्याला हात लावायचा न्हाय. वर्षभर मी त्याच खोलीत बसून तुमच्याशी खऱ्याखोट्यावर भांडत होते आणि फेटा माझ्या डोक्यावर होता. तुम्ही एकदाही बोलला नाहीत. मला पेपरातल्या दोन ओळींमधलं वाचायला शिकवलंत आणि स्वतःबद्दलची ही एक ओळ त्या म्हातारीकडून वाचून घ्यायला लावलीत.

मग हौसाक्का माझ्याकडे वळली. "आणि तू गं? माझा नारळ खाल्लास न्हवं?"

"चटणी केली, आजी."

"गोड हुता का?"

"होता."

"मग झालं." तिनं सरपंचांच्या हातातून फेट्याचं कापड काढून घेतलं. पुढे बसणाऱ्याचा मान म्हणून ते माझ्यासाठी आणलं होतं. "हे हिला बांधा. नारळ त्या ताईला द्या, तिला नारळ आवडतोय."

बांधणाऱ्यानं पूजाच्या डोक्याला फेटा बांधला आणि तुरा काढला. माझ्या ओटीत पुन्हा नारळ आला. निघताना मोटरसायकलवाला पुढे झालाच. आता गरज काय म्हणून कुणी तरी विचारलं, तर म्हणाला, "असू दे, सवय हाय." तोच हॉर्न, त्याच म्हशी, तोच मोकळा रस्ता. आणि मागे पूजा, दोन्ही बाजूंना हात हलवत.

वेशीबाहेर मी म्हणाले, "आता हेल्मेट घाल. चाचांचं आहे ते."

"डोकं फेट्यात शाबूत हाय."

ते वाक्य मीच तिला सकाळी वाटेत सांगून बसले होते. गारगोटीपर्यंत आम्ही भांडलो. या भांडणात मात्र मी जिंकले: फेटा उतरवून तिनं मांडीवर धरला, हेल्मेट घातलं आणि मुक्कामाच्या दारात पुन्हा फेटा चढवला. दुसऱ्या दिवशी नेसरीला माझे बाबा रस्त्यात उभे होते. त्यांनी पूजाला विचारलं, "बाळ, आमची पोरगी नीट चालवती का?" ती म्हणाली, "चालवती बरी. बोलती लय."

पूजा पुढच्या वर्षीही येणार आहे. वसतिगृहातल्या आणखी दोघींनी मागची सीट मागितली आहे. तुमचं दुकान रविवारी सकाळी चाची उघडतात. स्टूल आहे, पेपर येतो. या रविवारी मी वाचला. पहिल्या परिच्छेदातच आवाज धडा वाचल्यासारखा झाला, तेव्हा चाची आतून म्हणाल्या, "असं ऐकू यायची सवय न्हाय मला." मी पुन्हा पहिल्यापासून वाचला, भांडून.

नारळ मी त्यांच्याकडे दिला आहे. चाळिसाव्याच्या गोड भातात तो पडणार आहे. नको म्हणू नका, चाचा. एवढं एक खोबरं खा. हे माझ्या वाट्याचं आहे.